तिसरा ढीग

“आणि हा ढीग कसला?” लोरेन्ट्ससाहेबांनी विचारलं.

मी त्यांचं जर्मन मराठीत आणून तात्यांकडे बघितलं. तात्यांनी कल्लाप्पांकडे बघितलं. कल्लाप्पांनी वर पत्र्याकडे बघितलं, जणू तिथं चिमणीने घरटं केलंय का हे तपासायला त्यांना हाच मुहूर्त सापडला होता.

आम्ही शेडच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत उभे होतो. तोवर सकाळ अगदी सुरळीत गेली होती. साहेबांनी भट्टी पाहिली, वाळू चिमटीत घेऊन चोळून पाहिली, साचे पाहिले. दारातले दोन ढीगही पाहिले. हिरव्या रंगाचा ठिपका मारलेल्या पंपाच्या बॉडी म्हणजे चांगल्या, लाल ठिपक्याच्या म्हणजे भंगार, परत भट्टीत जाणाऱ्या. दोन्ही ढिगांतल्या पाच-सहा बॉडी त्यांनी स्वतः मोजल्या आणि मान हलवली. त्या माणसाने मान हलवली की आपल्याला पेढा मिळाल्यासारखं वाटायचं, इतकी ती क्वचित हलायची. मग निघता निघता त्यांना हात धुवायचे होते, नळ मागे होता, आणि नळाशेजारी हा तिसरा ढीग होता. त्याच्यावर ठिपकाच नव्हता.

हे सगळं त्या दिवशी किती नाजूक होतं ते सांगायला हवं. शिरोलीच्या एमआयडीसीत आमची शेडबाळे फौंड्री. पाण्याच्या पंपांच्या बिडाच्या बॉडी ओतायच्या, आतून कातून घ्यायच्या आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना द्यायच्या, हा आमचा धंदा. मी बी.ए.ला असताना चीनमधून तयार बॉडी यायला लागल्या. आमच्याकडे कच्चं लोखंड ज्या भावाने आत यायचं, जवळजवळ त्याच भावात त्यांचा ओतून, कातून, रंगवून, डब्यात घातलेला माल मुंबई बंदरात उतरायचा. तात्या तो भाव ऐकून पहिल्यांदा हसले होते. त्यांना वाटलं, सांगणाऱ्याची ऐकण्यात काहीतरी गफलत झाली. मग पुण्याचं गिऱ्हाईक गेलं, कोइमतूरचं गेलं, आणि आमच्या दोन भट्ट्यांपैकी एक थंड झाली. तिच्यावरची निम्मी माणसं घरी बसली. तात्या हार मानणारे नव्हते. त्यांनी नवीन वाळूचं यंत्र घेतलं, माणसं शिकवून घेतली, माल सुधारला. पण चांगला माल विकत घेणारं कुणीतरी लागतं. जर्मनीच्या ह्या कंपनीने चौकशी केली तेव्हा आई मला म्हणाली, “हे जमलं तर बघायचं, न्हाईतर दिवाळीनंतर कुलूप घालायचं म्हणतात तुझे तात्या.” आणि मग देवासमोर जाऊन बसली.

मी पुण्यात जर्मन शिकत होते. शिकायला गेले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी एकच विनोद केला होता. आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, म्हणून, “जर्मन शिकून काय पातेली विकणार?” आता तात्यांनी मला दुभाषी म्हणून बोलावून घेतलं तेव्हा त्यातल्या एकालाही विनोद सुचला नाही.

“कल्लाप्पा,” मी म्हटलं, “साहेब विचारतायत, हा ढीग कसला?”

कल्लाप्पा म्हणजे आमच्याकडे माल तपासून वेगळा करणारा माणूस. मी परकरात होते तेव्हापासून ते तेच काम करत होते.

“त्यो व्हय,” ते म्हणाले, “त्यो चालेल.”

“चालेल म्हणजे?”

“चालेल म्हंजे चालेल, ताई. चांगला न्हाई, वाईट न्हाई. हितं बारीक भोक असतंय, तितं जरा कमी-जास्त असतंय. चालून जातंय की.”

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मला हसूच फुटलं. कारण जर्मनमध्ये हुबेहूब हाच शब्द आहे. ते म्हणतात ‘गेट शोन’. शब्दशः ‘चालतंय की’. कोल्हापूरच्या माणसाने जर्मनीत जाऊन शिकवून आल्यासारखं.

“गेट शोन,” मी म्हणाले.

लोरेन्ट्ससाहेबांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा हलला. ते हसले, पण पुरतं हसले नाहीत.

“आमच्या गावच्या फौंड्रीतही तीन ढीग होते,” ते म्हणाले. “माझे वडील तिथे होते. मीही तिथेच सुरुवात केली. तिसऱ्या ढिगाला हेच नाव होतं. आता तिथे बागकामाच्या सामानाचं दुकान आहे. कुंड्या, झारे, असलं.”

मी हे तात्यांना सांगितलं. तात्या नुसते “हं” म्हणाले.

“हा ढीग घेतं कोण?” साहेबांनी विचारलं.

“आमचा एक छोटा कारखानदार आहे,” तात्या मला म्हणाले. “शेतीचे पंप करतो. स्वस्तात नेतो. सांग त्यांना, परदेशी मालाशी ह्याचा काही संबंध नाही.”

छोटा कारखानदार म्हणजे माझा भरमूमामा. आईचा थोरला भाऊ. जयसिंगपूरला पत्र्याच्या शेडमध्ये तो पंप बनवायचा आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांना विकायचा. बॉडीतल्या बारीक भोकांत लांबी, म्हणजे पुटीसारखा लगदा, भरायची, घासायचं, वर हिरवा रंग मारायचा, त्याच्यावर पिवळ्या अक्षरांत ‘भरमेश’. चांगल्या बॉडी त्याला परवडत नव्हत्या. परवडल्या असत्या तर पंप महाग झाला असता, आणि महाग पंप घ्यायला लोक भरमूमामाकडे कशाला आले असते? तिसरा ढीग होता म्हणून मामाचा कारखाना होता. दर शनिवारी तो टेंपो घेऊन यायचा आणि ढीग उचलून न्यायचा. आणि तात्यांनी मला कारखानदार म्हणायला सांगितलं, मेव्हणा म्हणायला नाही, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

साहेबांनी पिशवी खांद्यावरून उतरवली. तिच्यातून त्यांनी छोटी हातोडी आणि गेज काढलं. गेज म्हणजे चकचकीत गोल दांडकं, पंपाच्या भोकात घालून बघायचं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, मग भोक बरोबर.

“बघू या,” ते म्हणाले, “तुमच्याकडे चालेल म्हणजे किती चालतं.”

तात्या म्हणाले, “ह्याची काय गरज नाही, सांग.”

मी सांगितलं. साहेब आधीच एका पालथ्या खोक्यावर बसले होते.

आणि नेमक्या त्या वेळी फाटकात हॉर्न वाजला. भरमूमामाच्या टेंपोचा हॉर्न कुणालाही ओळखू आला असता, म्हैस शिंकल्यासारखा. तात्यांनी त्याला फोन करून बजावलं होतं की आज दुपार झाल्याशिवाय येऊ नकोस. पण गोरा माणूस आलाय हे कळल्यावर मामा दुपारपर्यंत कशाला थांबतोय! टेंपो मागे लावून तो उतरला, हातात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप.

“दाजी, पाव्हणं बघायला आलो,” तो म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. तात्या वयाने मामापेक्षा लहान होते, पण मामाने त्यांना कधी एकेरी हाक मारली नाही. “नाव जर्मन, आन् आलंय बीड बघाय! त्रिशला, सांग त्यास्नी, गूळ खावा. चहात घालून न्हाई, नुसता.”

साहेबांनी ढेप दोन्ही हातांनी घेतली. वजन बघून त्यांना बहुतेक तीही ओतीव वाटली. त्यांनी ती नीट पिशवीशेजारी ठेवली आणि आभार मानले.

“मामा, तू जरा आत बस की,” मी म्हटलं. “आई चहाला डबा पाठवणार होती.”

“चहा काय पळून चाललाय? माझं काम मी करतो, त्यांचं त्ये करू देत. एवढा मोठा ढीग हाय, वाटून घेऊ.” आणि कल्लाप्पांना घेऊन तो ढिगाच्या दुसऱ्या टोकाकडून बॉडी टेंपोत चढवायला लागला. चढवता चढवता तोंड चालूच. “दाजी, तुमाला सांगायचं ऱ्हायलं. अब्दुललाटचा त्यो पाटील हाय बघा, त्यो म्हणाला, भरमू, तुझा पंप आता कंपनीच्या तोंडात मारील असा झालाय. दोन वर्सांत एक तक्रार न्हाई आली, एक. पयलं कसं, हितं गळतंय, तितं थरथरतंय. आता न्हाई. हात बसला बघा. लांबी भरायला बी हात लागतोय, लोकांस्नी कळत न्हाई.”

“चांगलं झालं की,” तात्या म्हणाले. ते मामाकडे बघत नव्हते.

साहेबांनी पहिली बॉडी समोर घेतली आणि हातोडीने हलकेच टोला दिला.

बीड ओळखायची ही जगातली सगळ्यांत जुनी रीत. आत तडा असेल, पोकळ असेल तर आवाज बद्द येतो. धड असेल तर टण्ण करून वाजतं आणि वाजत राहतं. ती बॉडी वाजली आणि वाजत राहिली. साहेबांनी गेज घातलं. जाणारं टोक गेलं, न जाणारं गेलं नाही. त्यांनी ती उलटीपालटी करून भोकं शोधली. मग बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

टण्ण.

दुसरीही धड. तिसरी त्यांनी ढिगाच्या मधून ओढून काढली, चौथी अगदी तळातून. प्रत्येक वेळी टण्ण. प्रत्येक वेळी गेज आत आणि मग गेज अडकलेलं. साहेबांच्या कपाळाला आठी पडत चालली. त्यांनी चष्मा पुसला, गेजही पुसलं, जणू दोघांपैकी एकाला भूल पडली होती.

मला बिडातलं फारसं कळत नव्हतं, पण आवाज मलाही कळत होता. मला वाटलं, छानच झालं! आमचा टाकलेला मालसुद्धा एवढा चांगला. मी खूश होऊन तात्यांकडे बघितलं. त्यांचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी राहिलं.

मग मला जाणवलं की मामाचं बोलणं थांबलंय.

तो टेंपोच्या मागच्या, खाली पाडलेल्या फाळक्यापाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. पोटाशी एक बॉडी धरलेली, चढवायची तशीच राहिली होती. पुढचा टण्ण झाला तेव्हा त्याची मान किंचित वळली. त्याच्या पुढच्यालाही वळली. आमच्याकडचा ढीग तो तात्यांच्या शब्दावर न वाजवताच उचलायचा; पण आयुष्यभर जो माणूस बद्द वाजणाऱ्या बॉडी कानाला लावून निवडत आला, त्याला कान बंद करता येत नाहीत.

“मिस्टर शेडबाळे,” साहेब म्हणाले, “ह्या चांगल्या आहेत. मी काढल्या तेवढ्या सगळ्या चांगल्या आहेत. मग त्या ह्या ढिगात का?”

मी आवाज बारीक करून म्हटलं, “तात्या, साहेब विचारतायत, ह्या इथं का टाकल्या.”

तात्या ढिगापासून एक पाऊल मागे सरले. त्यांनी एकदा मामाच्या पाठीकडे बघितलं.

“सांग,” ते म्हणाले, “आमची चूक झाली. तपासणाऱ्याची नजरचूक.”

तपासणारा म्हणजे कल्लाप्पा. कल्लाप्पांनी मान खाली घातली. कल्लाप्पांची नजरचूक ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. त्यांच्या नजरेतून सुटलेली बॉडी आमच्या घरात एखाद्या नातेवाइकाच्या लग्नासारखी वर्षानुवर्षं आठवली जायची. पण मी दुभाषी होते. जे सांगितलं ते मी जर्मनमध्ये सांगितलं.

साहेबांनी हातोडी पिशवीत ठेवली. गेज फडक्यात गुंडाळलं, तेही ठेवलं.

“मग माझं काम संपलं,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, खरंखुरं वाईट वाटणं होतं. “ज्याला चांगलं ओळखता येत नाही, त्याला वाईटही ओळखता येणार नाही. सकाळी मी जे पाहिलं ते मग योगायोगाने बरोबर होतं. योगायोग मी विकत घेऊ शकत नाही.”

मी ते तात्यांना सांगितलं. एकेक शब्द सांगितला, एकही मऊ केला नाही, कारण मला वाटलं आता तरी ते खरं काय ते बोलतील.

“बरं,” तात्या म्हणाले.

“तात्या, ऑर्डर गेली म्हणजे!”

“जाऊ दे.”

“जाऊ दे काय? आई सकाळपासून…”

“त्रिशला, जाऊ दे म्हटलं ना.”

तात्या असे वागणारे नव्हते. बाजारात एका रुपयासाठी भाजीवाल्याशी वाद घालणारा माणूस, दोन वर्षं ज्या ऑर्डरची वाट पाहिली ती हातातून जाताना बरं म्हणतो? मी त्यांच्यावर चिडले. आणि चिडलेली असतानाच मला ते कळलं. वाळूचं नवीन यंत्र आल्यावर आमचा माल सुधारला होता. सुधारला म्हणजे खराब निघायचा बंद झाला. मग तिसरा ढीग आटायला हवा होता. तो आटला कसा नाही? दर शनिवारी टेंपो भरून कसा जात होता?

मामाने हातातली बॉडी फाळक्यावर ठेवली. आपटली नाही, झोपलेलं पोर ठेवावं तशी ठेवली.

“काय म्हणतोय त्यो?” त्याने मला विचारलं.

“काही नाही मामा. असंच.”

“मला जर्मन येत न्हाई, पोरी. बीड येतंय.” तो कल्लाप्पांकडे वळला. “कवापास्नं?”

कल्लाप्पा सदऱ्याला हात पुसायला लागले.

“कल्लाप्पा, तुला विचारतोय.”

“नवं मशीन आलं तवापास्नं,” कल्लाप्पा म्हणाले. “ढीग हुईनाच की, मामा. दोन-चार शनवार तुमचा टेंपो निम्मा गेला. मालक म्हणालं, चांगल्यातलं टाक. ठिपका मारायच्या आधीच टाक.”

मामा टेंपोच्या कडेला टेकला. आमच्याकडे भाऊ बहिणीला देतो. भाऊबीजेला देतो, पंचमीला देतो, तिच्या पोरांच्या लग्नात देतो. बहिणीच्या घरून घेत नाही. आजोबा आमच्याकडे आले की पाणीसुद्धा बेतानं प्यायचे, आणि मामा त्यांचाच मुलगा. मोडका माल रोख पैसे देऊन नेणं वेगळं, तो व्यवहार. हे दुसरं काय होतं, ते त्याला सांगायची गरज नव्हती.

“म्हंजे माझा हात बसला न्हवता तर,” तो म्हणाला.

मला एवढं रडू आलं की मी साहेबांच्या गुळाकडे बघत राहिले. त्याला दोन वर्षं जे सुख मिळालं होतं ते त्या एका वाक्यात गेलं.

“भरमू,” तात्या म्हणाले, “ऐक. तुझ्या पंपात…”

“दाजी, तुमी गप बसा.” मामाने तात्यांना असं कधीच म्हटलं नव्हतं. त्याचं त्यालाच ते सोसलं नाही, त्याने लगेच हात जोडले. “आज एक डाव म्हणतो, माफ करा. पर गप बसा.” मग तो माझ्याकडे आला. “त्रिशला, त्या मानसाला खरं सांग. म्हणावं, ह्या मालकाला चांगलं-वाईट समद्यांत जास्त कळतंय. नजरचूक-बिजरचूक काय न्हाई. निवडून निवडून चांगलं टाकत हुता ह्या ढिगात. मेव्हण्यासाठी. आन् त्यो मेव्हणा म्हंजे मी, म्हणावं.”

“मामा…”

“सांग म्हणतोय न्हवं! माझ्यापायी माझ्या भनीची भट्टी इझवू काय?”

मी सांगितलं. मेव्हण्याला जर्मनमध्ये श्वागर म्हणतात. तो शब्द मी सावकाश म्हटला. मी मामाकडे बोट दाखवलं आणि मामाने, शाळेत हजेरी घेतल्यावर करतात तसा, हात थोडा वर केला.

लोरेन्ट्ससाहेबांनी चष्मा नीट केला. त्यांनी मामाकडे बघितलं, टेंपोकडे बघितलं, मग तात्यांकडे.

“लोक वाईट माल चांगला म्हणून देतात,” ते म्हणाले. “तो पकडण्यात माझं आयुष्य गेलं. चांगला माल वाईट म्हणून देणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. ह्यासाठी माझ्या कागदावर रकाना नाही.”

मी ते मराठीत सांगितलं. कुणी हसलं नाही.

“पण तिसरा ढीग राहणार नाही,” ते पुढे म्हणाले. “हे त्यांना नीट सांगा. आज नात्यासाठी चांगलं खाली गेलं. उद्या जहाजाची तारीख जवळ येईल, माल कमी पडेल, तेव्हा ह्याच वाटेने वाईट वर येईल. वाट एकच आहे. आमच्या गावात असंच झालं. माझे वडील वाईट माणूस नव्हते.”

तात्या हे ऐकून ढिगाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, ते मामाला विचारतील, आता तुझं कसं करायचं? पण त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मामाने ऐकून घेतलं नसतं.

“दोनच ढीग,” तात्या म्हणाले. “सांग त्यांना. शब्द दिला.”

साहेबांनी मान हलवली. दिवसातली दुसरी.

मामा टेंपोकडे गेला आणि चढवलेल्या बॉडी उतरवायला लागला. कल्लाप्पा पुढे धावले तर त्याने त्यांना कोपराने दूर सारलं. “हिरवा ठिपका आण,” तो म्हणाला. “चांगल्या हैत, चांगल्यात जाऊ देत.” एकेक बॉडी त्याने पोटाशी धरून दारातल्या ढिगाकडे नेली आणि रचली. तात्याही मग सदऱ्याच्या बाह्या सारून एकेक उचलायला लागले. दोघं एकमेकांशेजारून जात-येत होते, एकमेकांकडे बघत नव्हते. साहेब खोक्यावर बसून होते. त्यांनी एकदा घड्याळ बघितलं आणि परत बघितलं नाही.

टेंपो रिकामा झाल्यावर मामाने तोंड धुतलं, टोपी झटकून घातली आणि हिरव्या ढिगापाशी जाऊन उभा राहिला.

“दाजी, ह्या बॉडीचा भाव काय?”

“भरमू, असलं काय विचारतोस?”

“गिऱ्हाइकाला सांगता त्यो भाव सांगा.”

तात्यांनी ढिगातली एक बॉडी उचलली आणि परत ठेवली. भट्टी विझली, माणसं घरी पाठवावी लागली, तेव्हाही मी त्यांना इतकं अडलेलं पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी भाव सांगितला. पुरा सांगितला, एक पैसा कमी नाही. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला आणि ते दुष्टही वाटले, दोन्ही एकदम.

“परवडतंय तेवढं नेतो,” मामा म्हणाला. त्याने दोन बॉडी निवडल्या. कानाशी नेऊन बोटाने वाजवून निवडल्या, हिरवा ठिपका असून. खिशातून पैसे काढून कल्लाप्पांच्या हातात दिले, तात्यांच्या नाही.

पुढे ऑर्डर आली. दुसरी भट्टी पेटली, घरी बसलेली माणसं परत आली, आणि आजही आमच्या बॉडी जर्मनीला जातात. मामाचं सगळं गोड झालं असं मात्र नाही. ‘भरमेश’ पंपाचा भाव वाढला तशी गिऱ्हाइकं राजकोटच्या पंपाकडे गेली. त्याने नवीन पंप करणं हळूहळू कमी केलं आणि जुने दुरुस्त करायचं काम धरलं. आई त्या वर्षी भाऊबीजेला तात्यांशी बोलत नव्हती. मामा आला, ओवाळून घेतलं, नेहमीपेक्षा भारी साडी ताटात घातली आणि जेवून गेला. सगळ्या जेवणभर तो आणि तात्या आटलेल्या म्हशींबद्दल आणि उसाच्या तोडीबद्दल बोलले. मी कुणाच्या बाजूची होते ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

पण त्या शनिवारी, टेंपो सुरू करून फाटकाशी गेल्यावर, मामाने ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मागे रिकाम्या टेंपोत दोन बॉडी गडगडत पुढे आल्या आणि आदळल्या.

“दाजी!” तो ओरडला.

तात्या दोन पावलं पुढे गेले. “काय रे?”

“ह्यातली एकादी जरी खराब निघाली न्हवं, तर परत आणून दारात टाकीन. चालवून घेणार न्हाई. आता मी गिऱ्हाईक हाय.”

“आण की,” तात्या म्हणाले. “बदलून देतो.”

तो गेला. तात्या फाटकाची कडी धरून उभे राहिले, आणि साहेब माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले की मेव्हणा शेवटी काय म्हणाला, ते त्यांना भाषांतर न करताच कळलं.